मागची रांग स्पष्ट कशी दिसते?

दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी जपून ठेवलेला असतो. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले, त्यांच्यामागे खुर्च्यांवर शिक्षक, त्यामागे उभी मुले आणि सगळ्यांत मागे बाकांवर उभी असलेली उंच मुले. फोटोग्राफर तिकाटण्यावर कॅमेरा लावी, काळ्या कपड्यात डोके घाली, बाहेर येई आणि ओरडे, ‘हलू नका!’ तरीही कोणीतरी हलायचाच. त्याचा चेहरा फोटोत कायमचा पुसट राहायचा.

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात असाच एक फोटो आमच्यासमोर आला. तो आणणाऱ्या शिक्षकांना त्यांच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा होता : ‘सर, भिंगाच्या सूत्राप्रमाणे वस्तूचे अंतर बदलले की प्रतिमेचे अंतरही बदलते. म्हणजे फिल्म एका जागी ठेवली, तर एकाच अंतरावरची वस्तू तिच्यावर स्पष्ट उमटणार. मग पहिली रांग आणि शेवटची रांग दोन्ही स्पष्ट कशा?’

मुलीचे बरोबर होते. सूत्र खोटे नाही आणि फोटोही खोटा नाही. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हे आपल्या पाठ्यपुस्तकातील किरणाकृती सांगत नाही. आकृतीत भिंगातून दोन-तीन रेषा जातात आणि एका बिंदूत मिळतात. भिंगाचे छिद्र किती मोठे आहे, याचा तिथे उल्लेखही नसतो. उत्तर दडले आहे ते नेमके त्या छिद्रात. ते माणसाला एका दिवसात सापडलेले नाही. जवळजवळ नऊशे वर्षांत ते तुकड्यातुकड्यांनी जमत गेले. तो प्रवास आपण थोडक्यात पाहू.

झाडाखालच्या चंद्रकोरी

सुरुवात भिंगाने झाली नाही, नुसत्या भोकाने झाली. दाट झाडाखाली उभे राहिले की पानांच्या फटींतून आलेल्या उन्हाचे गोल कवडसे जमिनीवर दिसतात. फटी वेड्यावाकड्या, पण कवडसे मात्र गोल! सूर्यग्रहणात तर हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणात महाराष्ट्रातून सूर्य खंडग्रास दिसला, तेव्हा असे कवडसे पाहण्याची संधी आपल्याकडे होती. याचे कारण ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील ग्रंथांत विचारलेले आहे, पण समाधानकारक उत्तर तिथे नाही.

कैरोमध्ये काम करणाऱ्या इब्न अल-हैथम (सुमारे ९६५ ते १०४०) या शास्त्रज्ञाने ग्रहणाच्या आकारावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्याने दाखवले, की भोक बारीक असेल तरच पडद्यावर चंद्रकोर दिसते. भोक मोठे केले की कोर नाहीशी होऊन भोकाच्याच आकाराचा उजेड पडतो. म्हणजे प्रतिमा किती स्पष्ट हे छिद्राच्या आकारावर अवलंबून आहे, ही गोष्ट भिंगाच्या कॅमेऱ्याआधी कित्येक शतके माणसाच्या हाती आली होती.

याची भूमिती सोपी करून सांगितली ती योहान्नेस केप्लरने. १० जुलै १६०० रोजी ऑस्ट्रियातील ग्राझ गावी त्याने सूर्यग्रहणाचे निरीक्षण केले आणि १६०४ साली प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात कवडशांचे कोडे उलगडले. त्याची युक्ती वर्गात करून पाहण्यासारखी आहे. त्याने एक पुस्तक उंचावर टांगले. त्याच्या एका कोपऱ्याला दोरा बांधला. पुस्तक आणि जमीन यांच्यामध्ये बहुकोनी छिद्र असलेला एक फलक ठेवला. दोरा छिद्राच्या कडेला टेकवून ताणत फिरवला आणि दोऱ्याचे टोक जमिनीवर जिथे जिथे टेकले तिथे खडूने खूण केली. जमिनीवर उमटला तो छिद्राचा आकार! मग दुसऱ्या कोपऱ्यावरून तसेच, मग तिसऱ्या. अशा अनेक बहुकोनी ठिपक्यांची गर्दी मिळून जमिनीवर आकार दिसला तो पुस्तकाचा.

हा दोरा म्हणजे प्रकाशकिरण. वस्तूवरील प्रत्येक बिंदू पडद्यावर बिंदू म्हणून उमटत नाही, छिद्राच्या आकाराचा ठिपका म्हणून उमटतो. ठिपके बारीक असतील तर चित्र रेखीव दिसते. ठिपके मोठे असतील तर ते एकमेकांवर चढतात आणि चित्र धूसर होते. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका वाक्यात आहे.

चाळिशीचे भिंग आणि त्यावरचे झाकण

बारीक भोकाची अडचण उघड आहे. चित्र रेखीव येते, पण अंधूक येते, कारण भोकातून प्रकाशच फार थोडा आत शिरतो. अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला भोक पाडून समोरच्या भिंतीवर बाहेरचे उलटे दृश्य पाहण्याची हौस सोळाव्या शतकात युरोपात पसरली होती. अशा खोलीला लॅटिन भाषेत ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, म्हणत. आजचा ‘कॅमेरा’ हा शब्द तिथूनच आला.

व्हेनिसच्या दानिएले बार्बारो या विद्वानाने १५६८ साली यथार्थदर्शनावरील आपल्या पुस्तकात एक सुधारणा सुचवली. भोक मोठे करा आणि त्यात म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याचे बहिर्वक्र भिंग बसवा. आपल्या भाषेत सांगायचे तर चाळिशीचे भिंग! भिंग एका बिंदूतून आलेले किरण पुन्हा एका बिंदूत गोळा करते. त्यामुळे मोठ्या भोकातून भरपूर प्रकाशही येतो आणि चित्रही रेखीव मिळते. बार्बारोने पुढे आणखी एक सूचना केली : भिंगाचा कडेचा भाग झाका, मधला थोडासाच उघडा ठेवा, म्हणजे चित्र अधिक चांगले दिसेल.

विचार करा, आधी प्रकाश हवा म्हणून भोक मोठे केले आणि मग भिंग बसवून त्यावर पुन्हा झाकण घातले. हे झाकण फायद्याचे का ठरले? एक कारण त्या काळच्या भिंगाच्या दोषात होते. गोल घासलेल्या भिंगाच्या कडेचे किरण मधल्या किरणांच्या बिंदूत मिळत नाहीत, म्हणून कडा झाकल्या की चित्र सुधारते. दुसरे कारण मात्र उत्तमोत्तम भिंगालाही लागू आहे, आणि आपल्याला तेच हवे आहे.

भिंगातून बाहेर पडणारे किरण एका शंकूसारखे असतात. शंकूचा पाया म्हणजे भिंगाचे उघडे छिद्र आणि टोक म्हणजे प्रतिमेचा बिंदू. फिल्म बरोबर टोकावर असेल तर बिंदू उमटतो. फिल्म टोकाच्या थोडी पुढे किंवा मागे असेल तर ती शंकूला कापते आणि वर्तुळाकार ठिपका उमटतो. छिद्र लहान केले की शंकू सडपातळ होतो. मग टोकापासून थोडे इकडे-तिकडे झाले तरी ठिपका बारीकच राहतो.

आकडे घेऊन पाहू. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग ३ मीटरवरच्या मुलावर नेमके साधले आहे. त्याची प्रतिमा भिंगामागे सुमारे ५०.८५ मिलिमीटरवर मिळते. दूरच्या डोंगराची प्रतिमा ५० मिलिमीटरवर, म्हणजे फिल्मच्या ०.८५ मिलिमीटर अलीकडे मिळते. छिद्र २५ मिलिमीटरचे असेल, तर समरूप त्रिकोणांच्या गुणधर्मावरून डोंगराच्या प्रत्येक बिंदूचा फिल्मवर ०.४२ मिलिमीटरचा ठिपका होतो. छिद्र सुमारे ३ मिलिमीटर केले, तर ठिपका ०.०५ मिलिमीटरचा होतो. इयत्ता नववीची भूमिती याला पुरते.

हाच प्रयोग आपल्या डोळ्यावर करता येतो. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांना तर साहित्यही जमवावे लागत नाही. त्या शिबिरात आम्ही चष्मा घरी विसरून गेलो होतो. हजेरीपट वाचता येईना, तेव्हा एका जाड कागदाला टाचणीने भोक पाडले, ते डोळ्याजवळ धरले आणि उजेडात नावे वाचून दाखवली. अक्षरे काळपट दिसली, पण स्पष्ट. डोळ्याचे भिंग तेच होते, फक्त किरणांचा शंकू सडपातळ झाला होता.

ओसाड रस्ता आणि पुसट कान

१८३९ साली लुई दागेरची छायाचित्रणाची पद्धत फ्रान्समध्ये जाहीर झाली आणि हा सगळा विचार व्यवहारात उतरला. दागेरच्या कॅमेऱ्यातील भिंग शेव्हालिए यांनी बनवलेले होते. त्याच्या छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या साधारण पंधराव्या भागाइतका होता. आजच्या भाषेत हे एफ/१५ झाले. चित्र रेखीव येई, पण प्रकाश कमी आणि रासायनिक थर मंद, म्हणून कित्येक मिनिटे भिंग उघडे ठेवावे लागे. दागेरने १८३८ मध्ये घेतलेले पॅरिसच्या एका रस्त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. रस्ता वाहता होता, तरी चित्रात तो ओसाड दिसतो, कारण चालणारे कोणी उमटलेच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एकाच जागी थांबलेला एक माणूस तेवढा दिसतो.

माणसांची चित्रे काढायची तर इतका वेळ स्थिर कोण बसणार? मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये हा प्रश्न गणिताने सोडवला. त्यांनी आकडेमोड करून एफ/३.६ इतक्या मोठ्या छिद्राचे भिंग सिद्ध केले आणि फोग्टलेंडर यांनी ते बाजारात आणले. दागेरच्या भिंगाहून ते सुमारे सोळा-सतरा पट अधिक प्रकाश आत घेई. घरोघरच्या माणसांची चित्रे निघू लागली, त्यात या भिंगाचा वाटा मोठा आहे.

पण निसर्ग काही फुकट देत नाही. छिद्र मोठे म्हणजे शंकू रुंद. डोळे स्पष्ट आले तर कान पुसट. दीडशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या अशा भिंगाने दोन मीटरवरचा चेहरा टिपला, तर जेमतेम दहा-बारा सेंटीमीटरची खोली स्पष्ट मिळते. एका चेहऱ्याला ती कशीबशी पुरते. चार रांगांच्या वर्गाला ती कुठून पुरणार?

म्हणजे एकाच भिंगाला कधी मोठे छिद्र हवे, कधी लहान. इंग्लंडमधील हॅलिफॅक्स गावच्या जॉन वॉटरहाउस यांनी १८५८ साली सोपा उपाय काढला. भिंगाच्या नळीला एक खाच पाडली आणि वेगवेगळ्या आकाराची भोके असलेल्या पितळी पट्ट्या केल्या. गरज असेल ती पट्टी खाचेत सरकवायची. (कलकत्त्याच्या सर्वेक्षण खात्यात काम केलेले छायाचित्रकार जेम्स वॉटरहाउस हे वेगळे.) पुढे पट्ट्यांची जागा एकमेकींवर सरकणाऱ्या पातळ पात्यांच्या रचनेने घेतली. डोळ्याच्या परितारिकेसारखी ती छिद्र लहान-मोठे करते, म्हणून तिला ‘आयरिस’ हेच नाव मिळाले.

उलट्या वाटणाऱ्या आकड्यांचा उलगडा

ॲपर्चरचे, म्हणजे या छिद्राचे आकडे विद्यार्थ्यांना गोंधळात टाकतात. एफ/१६ हे छिद्र एफ/२ पेक्षा लहान कसे? उत्तर चौथीच्या अपूर्णांकात आहे. ‘एफ’ म्हणजे नाभीय अंतर. एफ/२ म्हणजे त्याचा अर्धा भाग, एफ/१६ म्हणजे सोळावा भाग. छेद मोठा, अपूर्णांक लहान.

१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही माळही अशीच विचित्र दिसते. पण आत येणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. प्रकाश निम्मा करायचा तर व्यासाला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४ ने भागायचे. माळेतील प्रत्येक पायरी म्हणजे निम्मा प्रकाश. एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत सहा पायऱ्या, म्हणजे प्रकाश चौसष्टावा भाग.

हे आकडे सर्वमान्य व्हायलाही वेळ लागला. १८८१ मध्ये ब्रिटनमधील छायाचित्रण संस्थेने दुसरीच पद्धत पुढे केली होती. तिच्यात एफ/४ ला १ म्हणायचे आणि पुढे २, ४, ८, १६ असे दुप्पट करत जायचे. आकडा दुप्पट तर वेळ दुप्पट, असा हिशेब सरळ होता. जुन्या बाजारात मिळणाऱ्या काही घडीच्या कॅमेऱ्यांवर हे आकडे अजून दिसतात. गंमत म्हणजे दोन्ही पद्धतींत १६ हा एकच आकडा जुळतो. अखेर टिकली ती एफची पद्धत.

‘स्पष्ट’ हे कोण ठरवते?

आता प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. छिद्र कितीही लहान केले, तरी साधलेल्या अंतराखेरीज इतर अंतरांवरच्या वस्तूंचे ठिपकेच उमटतात. मग त्यांना स्पष्ट का म्हणायचे?

कारण आपल्या डोळ्याला फार बारीक ठिपका आणि बिंदू यांतला फरक कळत नाही. हातात धरलेल्या फोटोत साधारण पाव मिलिमीटरपर्यंतचा ठिपका चालतो, असे छायाचित्रणात मानले गेले. ३५ मिलिमीटर फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यांत निगेटिव्ह सात-आठ पट मोठी करावी लागते, म्हणून फिल्मवर एक तीसांश मिलिमीटरचा ठिपका ही मर्यादा रूढ झाली. या मर्यादेत बसणाऱ्या अंतरांच्या पट्ट्याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. आपण तिला स्पष्टतेची खोली म्हणू.

वरचेच ५० मिलिमीटरचे भिंग ३ मीटरवर साधले, तर एफ/२ ला ही खोली सुमारे २.८ ते ३.३ मीटर येते. एफ/१६ ला ती १.८ पासून ८ मीटरपर्यंत पसरते. सगळा वर्ग त्यात मावतो! मात्र पट्ट्याच्या टोकाशी कुठलीही भिंत नाही. ८ मीटरवरचे स्पष्ट आणि ९ मीटरवरचे अस्पष्ट, असे निसर्ग म्हणत नाही. ती रेघ माणसाने ओढलेली आहे. फोटो आणखी मोठा केला, की तीच मागची रांग धूसर दिसू लागते.

रेघ माणसाने ओढलेली, म्हणून तिच्यावरून वादही झाले. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६४ पासून मोठ्या छिद्राने, मुद्दाम मऊ दिसणारी व्यक्तिचित्रे काढली. जाणकारांनी त्यांना बेशिस्त ठरवले, आज त्याच चित्रांना संग्रहालयांत मानाचे स्थान आहे. उलट १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी एक गट स्थापला. त्यांना सारे काही रेखीव हवे होते, म्हणून गटाचे नावच ‘एफ/६४’ ठेवले.

मग सरळ एफ/६४ वरच सगळे फोटो का काढू नयेत? इथे प्रकाशाचा तरंगस्वभाव आडवा येतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, यालाच विवर्तन म्हणतात. १८३५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी या पसरण्याचे गणित मांडले आणि १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी बारीक छिद्राच्या कॅमेऱ्यासाठी योग्य छिद्र कोणते याचा अभ्यास केला. एफ/६४ ला विवर्तनाचा ठिपका सुमारे ०.०९ मिलिमीटरचा होतो. ॲडम्स यांच्या आठ बाय दहा इंची निगेटिव्हवरून त्याच आकाराचा फोटो काढला, तर तो दिसत नाही. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह आठ पट मोठी केली, तर तो ०.७ मिलिमीटरचा होतो आणि अख्खे चित्र मऊ पडते. म्हणजे एका मर्यादेपलीकडे छिद्र लहान केले, की स्पष्टता वाढण्याऐवजी घटते.

किंमत कोणी मोजली?

१९४१ च्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटात खोलीत बोलणारी माणसे आणि खिडकीबाहेर बर्फात खेळणारा मुलगा एकाच वेळी स्पष्ट दिसतात. छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी त्यासाठी छोट्या नाभीय अंतराची भिंगे, अधिक संवेदनशील फिल्म आणि प्रखर दिवे वापरून छिद्र लहान ठेवले. एका दृश्यात पुढचा पेला आणि मागचे दार दोन्ही स्पष्ट हवे होते. तिथे हे उपायही पुरले नाहीत आणि एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करावे लागले. उलट १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांना मेणबत्तीच्या उजेडात चित्रण करायचे होते. त्यांनी मुळात अमेरिकेच्या नासासाठी बनवलेली एफ/०.७ ची भिंगे वापरली. प्रकाश भागला, पण स्पष्टतेची खोली इतकी कमी झाली की नटांना फार हालचाल करता येईना.

आज खिशातल्या फोनच्या भिंगाचे नाभीय अंतर पाच-सहा मिलिमीटर असते. त्यामुळे छिद्र आपोआप इवलेसे होते आणि मीटर-दीड मीटरच्या पुढचे जवळजवळ सारे स्पष्ट येते. इतके, की मागचे दृश्य धूसर हवे असेल तर फोन ते आकडेमोड करून धूसर करतो. चष्म्याच्या काडीशी आणि भुरभुरणाऱ्या केसांशी ही आकडेमोड चुकते, हे विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे. खरा शंकू आणि त्याची नक्कल यांतला फरक तिथे हातात सापडतो.

शिबिरातल्या त्या शिक्षकांनी वर्गात काय सांगावे? आम्हांला वाटते, उत्तर फोटोतच आहे. मागच्या रांगेतली मुले स्पष्ट यावीत म्हणून फोटोग्राफरने छिद्र लहान केले. छिद्र लहान केल्याने प्रकाश घटला. प्रकाश घटला म्हणून झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागली. त्या वेळाची किंमत सगळ्या वर्गाने श्वास रोखून मोजली. ‘हलू नका!’ ही दरडावणी नव्हती, ते भिंगाच्या सूत्राचे राहिलेले शेपूट होते. आणि ज्याने ते ऐकले नाही, तो पहिल्या रांगेत बसूनही पुसट राहिला!